याच्याबरोबर आणखी काय चालू आहे?

आमच्या साडूंनी ज्याला वैताग आणला नाही असा माणूस अंजूरपासून पडघ्यापर्यंत मिळायचा नाही, आणि मिळालाच तर त्याला जन्मात कधी पडसं झालेलं नसणार. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहायला अंजूरला, नोकरी भिवंडीत कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात. मेहताजी, म्हणजे कामगारांच्या शिफ्ट लावायच्या, हजेरी बघायची. पण खरा धंदा निराळाच. कुणाच्या हातात गोळी दिसली की हे तिथे हजर, मान तिरकी करून, "याच्याबरोबर आणखी काय चालू आहे?" आवाज लूमच्या खडखडाटात कमावलेला, त्यामुळे खाजगी चौकशीसुद्धा चौकात व्हायची. एका लग्नात नव्या व्याह्यांनी जेवण झाल्यावर हळूच खिशातून पुडी काढली, तर पंगतीच्या दुसऱ्या टोकावरून यांचा प्रश्न आला. मूळव्याधीचं चूर्ण सगळ्या मांडवाला माहीत झालं, आणि ते व्याही पुढे आमच्याकडच्या एकाही कार्याला फिरकले नाहीत. कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या विणकराला त्यांनी असंच गाठलं. "चाचा, इसके साथ और क्या चालू है?" चाचा म्हणाला, "बीवी की गालियाँ चालू हैं, मेहताजी." साडू गंभीरपणे म्हणाले, "वो खाली पेट मत लेना."

या वेडाला मूळ होतं. तरुणपणी त्यांना सर्दी झाली. एक गोळी दवाखान्यातून आणली, दुसरी शेजाऱ्याने दिली, आणि दोन्ही गिळून ते ड्युटीवर गेले. चालू लूमच्या शेजारी, सुताच्या बाचक्यांवर, हा माणूस दिवसभर घोरत पडला. त्या आवाजात भिवंडीत आजवर दुसरं कुणी झोपलेलं नाही. जाग आल्यावर शेठच्या शिव्या खाल्ल्या आणि यांना साक्षात्कार झाला: एका पोटात दोन औषधं म्हणजे एका खोलीत दोन भाडेकरू. एकमेकांशी कसे वागतील ते घरमालकाला कळत नाही, म्हणून आधी विचारावं.

मला या प्रश्नाचा जास्तच राग यायचा, कारण माझा स्वभाव नेमका उलटा. मी भिवंडीलगत टेमघरला राहत होतो आणि शाळेत विज्ञान शिकवत होतो. पण प्रजननाचा धडा आला की "हा घरी वाचून या" म्हणून फळ्याकडे तोंड करायचो. अशा माणसाच्या घरी शहाऐंशी-सत्याऐंशीच्या सुमाराला बायकोला, सुमनला, क्षय झाला. दोन मुलं होती, तिची तब्येत तोळामासा, आणि तिसरं नको म्हणून ती रोज एक गोळी घेत होती. आईला कळू नये म्हणून त्या गोळ्या शेवयांच्या डब्यात. क्षयाच्या दवाखान्यात आईही बरोबर आली होती. डॉक्टरांनी लाल कॅप्सूल आणि इंजेक्शनं लिहून देताना विचारलं, "यांना दुसरं काही औषध चालू आहे?" बायकोने माझ्याकडे पाहिलं. आई आम्हा दोघांकडे पाहत होती. मी म्हणालो, "काही नाही."

पुढच्या रविवारी साडू खाडीची कोलंबी घेऊन आले. पिशवी ठेवायच्या आधीच त्यांना ती कॅप्सूल दिसली. "सुमन, याच्याबरोबर आणखी काय चालू आहे गं?" आई तिथेच लसूण सोलत बसली होती. "चहा चालू आहे, भाऊजी," असं म्हणून सुमन आत गेली. साडूंना ते पटलं नाही, पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात मी त्यांना हाताला धरून रस्त्यावर नेलं आणि म्हणालो, "साडूभाऊ, बायकांच्या औषधांत नाक खुपसू नका." आयुष्यात कुणाचं न ऐकणारा हा माणूस. नेमकं त्याच दिवशी त्याने ऐकलं. "बरं," म्हणाले, आणि माझ्या घरात त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

काही महिन्यांनी सुमनला दिवस राहिले. गोळीची गोष्ट आता बाहेर आली, आणि डॉक्टर माझ्यावर भडकलेच. "मास्तर, या लाल कॅप्सूलपुढे ती गोळी टिकत नाही. शरीर तिचा असर होण्याआधीच तिला निकालात काढतं. दुसरा उपाय सांगितला असता ना मी! मला सांगायला काय झालं होतं?" इंजेक्शनं त्यांनी लगेच थांबवली, बाळाचे कान जाऊ शकतात, म्हणाले. बाहेरच्या बाकावर सुमन रडली. माझ्या पांढऱ्या रुमालाने तिने डोळे पुसले, तर रुमालावर फिकट केशरी डाग पडले. त्या कॅप्सूलने अश्रूही रंगतात. घरी आल्यावर आईला सगळं सांगावंच लागलं. ती म्हणाली, "माझ्या वेळेला मिळाल्या असत्या तर मीच घेतल्या असत्या. मला काय म्हणून भ्यायलास, मेल्या?"

मला धास्ती साडूंची होती. "मी विचारलं होतं," हे ऐकायची मी मनाची तयारी करून बसलो होतो. ऐकलं असतं तर बरं वाटलं असतं. ते आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चूक माझी. आणखी एकदा विचारायला हवं होतं." असा वैताग! या माणसाने माझा अपराधसुद्धा माझ्यापाशी राहू दिला नाही. वर त्यांचा उत्साह दुप्पट झाला. घशाच्या साध्या कॅप्सूलने ती गोळी सहसा निकामी होत नाही, ते क्षयाच्या त्या औषधाचं आणि फिट्सच्या काही गोळ्यांचं, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. पण साडू प्रत्येक नव्या जोडप्याला गाठून विचारू लागले, "घसा दुखतो का? मग जपून हं!" माझी थोरली मेहुणी त्यांना हळदीकुंकवाच्या दिवशी घराबाहेर काढायची.

मुलगी झाली. हातीपायी धड, पण ऐकू येतं का? आम्ही दोघं विचारायला घाबरत होतो. बारशाला साडू तडक पाळण्यामागे गेले आणि परात लाटण्याने बडवली. पोर दचकून असं रडलं की शेजारपाजार धावून आला. सुमन हसत होती, रडत होती. साडू परात उंच धरून ओरडले, "ऐकतेय! मास्तर, ऐकतेय!"

ती पोर आता आमचं सोडून जगाचं ऐकते. साडू निवृत्त झाले, आणि मागल्या वर्षी मेहुणी गेली. परवा अंजूरला गेलो, तर ते ओट्यावर बसले होते, समोर रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी. बोलणं कमी, डोळे जड. ओट्याच्या कडेला टेकता टेकता मीच विचारलं, "साडूभाऊ, याच्याबरोबर आणखी काय चालू आहे?"

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "काही नाही."

हे दोन शब्द मी ओळखतो. ते माझेच आहेत. मी हललो नाही. शेवटी त्यांनी बंडीच्या खिशातून दुसरी पट्टी काढली. "झोपेची आहे. ही गेल्यापासून. कधी एक, कधी दोन. डॉक्टरला सांगत बसू नकोस. माझ्या औषधांत नाक खुपसायचं काम नाही."

तेव्हा ते "बरं" म्हणाले होते. मी म्हणालो नाही. चपला काढल्या, ओट्यावर मांडी घातली आणि पुन्हा विचारलं, "आणि याच्याबरोबर?"