कर्ज माझे, कपात वायाळबाईंची

सुलोचना वायाळबाईंची आणि माझी पहिली ओळख झाली ती एका वर्तुळामुळे. जिंतूरच्या आमच्या शाळेत मी चित्रकला शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. शेजारच्या वर्गात बाई गणित शिकवत होत्या आणि फळ्याचा लाकडी कंपास मोडला होता. बाई माझ्या वर्गाच्या दारात आल्या. "सर, हातानं गोल काढता येतो का?" मी जाऊन एका दमात वर्तुळ काढले. बाईंनी दोरी लावून ते चार ठिकाणी मोजले आणि मुलांना म्हणाल्या, "सरांचा हात लय पक्का हाय. पण मोजल्याबिगर खरं धरायचं न्हाई." याच बाई पुढे काहीही न मोजता मला जामीन राहिल्या, हे आठवले की आजही मान खाली जाते.

बाईंच्या शिकवण्याबद्दल त्यांचे विद्यार्थी या गौरवग्रंथात लिहितीलच. मी एकच सांगतो. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेली मुले उन्हाळ्याच्या तोंडाला परतत, तेव्हा बाई त्यांच्यासाठी शाळेआधी तासभर येत. मुख्याध्यापकांनी एकदा कारण विचारले, तर म्हणाल्या, "पोरं काय मौजेला गेलती का? त्यांचे बुडलेले दिवस कुणीतरी भरून द्यायलाच पाहिजेत." दुसऱ्याचे बुडालेले आपण भरायचे, ही खोड त्यांना तेव्हापासूनच होती.

माझ्या डोक्यात त्या काळी फोटो धुण्याची कलर लॅब काढायचे वेड शिरले. त्यासाठीच्या कर्जाला पगारदारांच्या पतसंस्थेला एक जामीनदार हवा होता. आमच्या स्टाफरूममध्ये जामिनाची सही म्हणजे चहा पितापिता उरकायचे काम. आज मी तुमच्यासाठी, उद्या तुम्ही माझ्यासाठी. बाई वह्या तपासत होत्या. त्या लाल पेनानेच सही करू लागल्या, तेव्हा मी घाईने निळा पेन पुढे केला. कागद त्यांनी वाचला नाही आणि मीही वाचला नाही.

लॅब चालेल या भरवशावर मी नोकरी सोडली. दोन वर्षे बरी गेली, मग डिजिटल कॅमेरे आले आणि रोल धुवायला कुणी फिरकेना. हप्ते थकले. पतसंस्थेची नोटीस आली, ती माझ्या नावाने तशीच बाईंच्याही नावाने.

बाई परभणीच्या एका वकिलांकडे गेल्या. तिथे काय बोलणे झाले, ते वकिलांनीच मला फार नंतर सांगितले. "आधी त्यांच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही," ते बाईंना म्हणाले होते. "कर्जदाराइतकीच जबाबदारी जामीनदाराची. त्यांना पगार नाही, तुम्हाला आहे. संस्था तुमच्याच दारात येणार. तुम्ही भरलंत की त्यांच्याकडून वसूल करायचा हक्क मात्र तुमचा. काढू का नोटीस?" बाई म्हणाल्या, "नको. त्यो माणूस आधीच भेदरलाय." पुढच्या महिन्यापासून बाईंचा पगार कापून येऊ लागला. चार वर्षे येत राहिला.

मी शाळेचा रस्ता सोडून बोळातून जाऊ लागलो. एका रविवारी बाई घरी आल्या. मी आतल्या खोलीत दडलो आणि पत्नीला "घरी नाहीत" म्हणायला लावले. दाराआडून मला बाईंचा आवाज ऐकू आला. "पैशाला न्हाई आले मी. सर बोळातून जायलेत असं कळालं, म्हणून आले. जेवायलेत ना नीट? त्यांना म्हणावं, रस्ता तुमचाबी हाय." बाई गेल्यावर मी लहान मुलासारखा रडलो.

आता सांगतो ते सांगायला जड जाते. त्याच वर्षी गॅदरिंगचा पडदा रंगवायला शाळेने मला बोलावले. स्टाफरूममध्ये सहलीची वर्गणी गोळा होत होती आणि बाईंनी नाव दिले नव्हते. त्यांची मोपेड पेट्रोलअभावी घरीच उभी असे, साड्या त्याच त्या असत. कुणीतरी म्हणाले, "वायाळबाई सगळं वर घेऊन जाणार बघा!" सगळे हसले. मीही हसलो. खरे काय ते त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होते. बाईंनी माझ्यापुढे चहा सरकवला आणि विचारले, "पडद्यावर काय काढायलात सर?"

पुढे दुकानांच्या पाट्या रंगवून मी बाईंचे पैसे फेडले. गावात मात्र माझ्या सहीला किंमत उरली नव्हती. बाई निवृत्त झाल्यावर एक दिवस कागद घेऊन आल्या. मुलीला दवाखाना काढायचा होता, जामीनदार हवा होता. मी चाचरलो. "बाई, माझी सही?"

"तुमचीच. जामीन म्हंजे काय, ते तुमच्याइतकं गावात कुणाला ठाऊक हाय?" बाई म्हणाल्या. "पण वाचून करा. मी न्हाई वाचलं, ती माझी चूक."

मी शब्दन् शब्द वाचला आणि सही केली. त्या दिवसापासून मी पुन्हा ताठ मानेने चालू लागलो.

या ग्रंथासाठी लेख मागितला गेला, तेव्हा हे सारे लिहू का, असे बाईंना विचारायला गेलो. "कशाला सर? लोक तुमाला नावं ठेवतेल." मी म्हणालो, "बाई, इतकी वर्षं तुम्हालाच ठेवली ना?" मग मात्र त्या नको म्हणाल्या नाहीत.

म्हणून मित्रहो, ही विनंती. बाईंच्या चिक्कटपणाची एखादी गंमत तुमच्यापैकी कुणी या ग्रंथासाठी लिहिली असेल, तर ती गाळू नका. फक्त तिथे बाईंचे नाव खोडून माझे घाला.

बाई, पंचाहत्तरी झाली, आता शंभरी गाठा. गुडघे कुरकुर न करोत, डोळे असेच लख्ख राहोत. तुमचे पैसे मी फेडले, पण तुमच्यावरचा तो बोल माझ्या अंगावर घ्यायला मला इतकी वर्षे लागली. तेवढा उशीर माफ करा.