नॉर्वेच्या मुलाचं लोणचं

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात युनिव्हर्सिटीची ईमेल आली आणि तिच्यातलं नाव चुकीचं होतं. जानेवारीत कोरियाहून एका सेमिस्टरसाठी सिंगापूरला आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीचं ते नाव. तिला विमानतळावर घ्यायला जाणं, इथली एमआरटी मेट्रो समजावून देणं, पहिले काही दिवस बरोबर फिरणं हे ‘बडी’चं काम मी स्वतः अर्ज करून मागून घेतलं होतं, कारण येणारी कोण हे मला पक्कं ठाऊक होतं. ईमेलमध्ये भलतीच कुणीतरी होती. मी ती तीनदा वाचली. मग ऑफिसला फोन लावून, जरा चढ्या आवाजातच, चूक दुरुस्त करा म्हणून सांगितलं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की चूक नाही. कोरियातल्या त्या विभागातून एकच जागा असते आणि या वेळी हीच मुलगी निवडली गेली आहे.

आईने स्टडी रूम रिकामी करून तिथे पलंग टाकला होता, नवी चादर घातली होती, कारण हॉस्टेलची खोली मिळेपर्यंत माझी कोरियातली मैत्रीण आमच्या फ्लॅटवर राहणार होती. आई हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत आहे. कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिचा कशावरही विश्वास बसत नाही. संध्याकाळी आल्यावर तिनेही ईमेल वाचली आणि मग विचारलं, तुला ती काही बोलली नव्हती का?

नव्हती. आणि त्याचाच मला राग आला होता.

त्याच वर्षी मार्च ते जून मी सोलच्या एका विद्यापीठात एक्स्चेंजवर होते. बाराव्या वर्षी पुण्याहून सिंगापूरला आलेली मी, त्यामुळे परक्या देशात रुळणं आपल्या डाव्या हाताचा मळ आहे अशा तोऱ्यात गेले होते. तो तोरा पहिल्याच आठवड्यात उतरला. तिथे भेटेल त्याला आधी माझं वय हवं असायचं, कारण मला हाक काय मारायची ते वयावर ठरणार होतं. माझ्याशेजारी बसणारी मुलगी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी निघाली. तुमच्याकडे अशा मुलीला काय म्हणतात, तिने विचारलं. ताई, मी सांगितलं. तो शब्द तिने दोनचार वेळा म्हणून पाहिला, आणि त्या दिवसापासून ती माझी ताई झाली.

आम्ही एका गटात होतो. ती गटाची प्रमुख, दोन मुलगे आणि मी. ग्राहकांच्या आवडीनिवडींचा विषय होता आणि आम्ही निवडलं होतं ते कॅम्पसवरचं कॅन्टीन: परदेशी विद्यार्थी तिथे काय खातात, आणि घरचं काय आठवतं. तिथली एक रीत मला ताईनेच सांगितली. सादरीकरणाच्या शेवटच्या स्लाइडवर प्रत्येकाचं नाव आणि त्याने केलेलं काम लिहितात. ज्याने काम केलं नाही त्याचं नाव प्रमुख गाळून टाकतो. भांडण नाही, तक्रार नाही. स्लाइड पडद्यावर येते आणि त्या माणसाचं नाव तिच्यात नसतं. मी थक्क झाले. सिंगापूरला आम्ही अशा माणसाच्या पाठीमागे यथेच्छ बोलतो, पण स्लाइडवर त्याचं नाव असतंच.

दुसरी गोष्ट मार्कांची. वर्गात वरची श्रेणी ठरावीक जणांनाच मिळायची, त्यामुळे एक वर चढला की दुसरा खाली आलाच. मला त्याची काही फिकीर नव्हती. आमचे तिथले मार्क इकडच्या गुणपत्रिकेत धरत नाहीत, फक्त पास व्हावं लागतं. एकदा जेवताना मी ताईला हे मोठ्या ऐटीत सांगितलं. तिचा चमचा थांबला. मग तिने सांगितलं की तिला सिंगापूरला यायचं आहे, तिच्या विभागाला तिथली एकच जागा आहे आणि ती याच सेमिस्टरच्या मार्कांवर ठरणार आहे. मी टाळी वाजवून म्हटलं, मग तर तू येणारच. दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर, एकाच जेवणात बोलल्या गेल्या, आणि माझ्या टाळक्यात त्यांची गाठ काही पडली नाही.

माझ्या वाट्याला तीस परदेशी विद्यार्थ्यांच्या मुलाखती आल्या होत्या. नऊ मी इमानदारीत घेतल्या. मग बाकीच्या एक्स्चेंजवाल्यांबरोबर बुसानला जायचं ठरलं आणि उरलेल्या एकवीस मी ट्रेनमध्ये बसून लिहून काढल्या. देश मनाने, माणसं मनाने, उत्तरंही मनाने. मला मजासुद्धा आली, हे कबूल करते. ताईला फाईल पाठवली, तिचा ‘मिळाली’ असा मेसेज आला. सादरीकरण झालं, शेवटच्या स्लाइडवर चार नावं झळकली, माझ्यापुढे ‘मुलाखती’ असं लिहिलेलं होतं. त्याच आठवड्यात मी परतीच्या विमानात बसले. पुढे निकाल आला: पास.

जुलैनंतर ताईचे मेसेज आखूड होत गेले. नोकरीच्या अर्जांत गुंतली असेल, असं मी धरून चालले. आणि आता ही ईमेल. मी तिला रागाच्या भरात लिहिलं की येणार नव्हतीस तर सांगायचं तरी होतंस, आईने पलंगसुद्धा मांडला होता. तिचं उत्तर एका ओळीचं होतं: माफ कर, मार्क कमी पडले.

मार्क कमी पडले? हिचे? सकाळी लायब्ररी उघडायच्या आधी दारात उभी राहणारी ही मुलगी. माझा विश्वासच बसेना.

जानेवारीत ती दुसरी मुलगी आली. तिचा काय दोष होता? तरी मी तिच्याशी पहिले दोन आठवडे जरा तुटकच वागले. मग माझीच मला लाज वाटली आणि एका शनिवारी मी तिला पुलाउ उबीन बेटावर नेलं. चांगीच्या धक्क्यावरून बोटीने गेलो, भाड्याच्या सायकली घेतल्या, दुपारी एका टपरीवर शहाळी घेऊन बसलो. माझी सायकल दोनदा चेन टाकून बसली होती, ती त्यावरून मला चिडवत होती. बोलता बोलता ताईचा विषय निघाला. ती ताईच्याच विभागात एक वर्ष मागे होती.

ती म्हणाली, खरं तर ही जागा तिचीच होती, विभागात सगळ्यांना माहीत आहे. एका विषयात घोळ झाला. तिच्या गटातल्या कुणा परदेशी विद्यार्थ्याने खोट्या मुलाखती लिहून दिल्या होत्या. प्रोफेसरांनी त्या वाचल्या आणि तिला एकटीला बोलावलं. कुणाचं काम म्हणून विचारलं, तर तिने सांगितलं की प्रमुख मी आहे, मी तपासलं नाही, जबाबदारी माझी. तिची श्रेणी पार खाली आली.

मग स्ट्रॉ तोंडातून काढून तिने मला विचारलं, “तूही तेव्हा तिथेच होतीस ना? तुला माहीत असेल, कोण होता तो?”

मी शहाळं खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं. मी म्हटलं, “नाही, मला नाही माहीत.”

हे मी म्हटलं. आजही लिहिताना माझाच धक्का मला बसतो. खोट्या मुलाखती लिहिणारी मी निदान अडाणी होते. टपरीवर बसून खोटं बोलणारी मी अडाणी नव्हते. परतीच्या बोटीत ती फोटो काढत होती आणि मी घट्ट डोळे मिटून बसले होते. बोट लागते म्हणून सांगितलं.

घरी आई चहा टाकत होती. मी तिला सगळं सांगितलं आणि हुंदके देत ओट्याशी बसले. आईने गॅस बंद केला. मला वाटलं होतं, जवळ घेईल.

“माझ्यासमोर रडून काय उपयोग?” ती म्हणाली. “तिला फोन लाव. आत्ता.”

ताईने फोन उचलला तेव्हा ती बसची वाट बघत होती. मी कसंबसं बोलले. इंग्रजीत माफी मागायला शब्द किती तोकडे आहेत हे तेव्हा कळलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की सादरीकरणाच्या आदल्या दिवशीच तिच्या लक्षात आलं होतं.

मी आ वासला. कसं काय लक्षात आलं?

ती हसली. मी सोलला निघाले तेव्हा आईने माझ्याबरोबर कैरीच्या लोणच्याची बरणी दिली होती. पहिल्यांदा चाखून ताई दोन ग्लास पाणी प्यायली होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायला आली होती. मे महिन्यात बरणी संपली.

“तुझ्या फाईलमधल्या नॉर्वेच्या मुलाची आई कच्च्या आंब्याचं लोणचं घालते,” ती म्हणाली. “मेक्सिकोच्या मुलीला पिवळं वरण आणि भात आठवतो. मी आधी खूप हसले. मग पुढचं वाचत गेले. एकवीस देशांतल्या मुलांना एकाच आईच्या हातचं जेवण आठवत होतं. तू सगळीकडे हिंडत होतीस, हसत होतीस, मला कधी कळलंच नव्हतं की तुला घरची एवढी आठवण येते.”

मलाही कळलं नव्हतं. खरंच सांगते, मलाही नव्हतं कळलं.

मी तिला विचारलं, मग माझं नाव का गाळलं नाहीस? ती म्हणाली की नाव गाळलं असतं तर मी नापास झाले असते आणि आमच्या युनिव्हर्सिटीला पत्र गेलं असतं. शिवाय प्रोफेसर सगळं वाचतील असं तिला वाटलं नव्हतं. खोटं आहे हे माहीत असून तिने ते सादर केलं होतं, तेव्हा शिक्षा काही फुकटची नव्हती, असंही ती म्हणाली. तेवढ्यात तिची बस आली.

प्रोफेसरांना काही लिहू नकोस, असं तिने बजावलं होतं. मी ते ऐकलं नाही. सोमवारी त्यांना सगळं लिहिलं, आणि बडी म्हणून सांभाळायला दिलेल्या त्या मुलीलाही कॅन्टीनमध्ये गाठून सांगितलं की तो परदेशी विद्यार्थी मीच. तिने माझ्याकडे बघितलं, आपला ट्रे उचलला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. प्रोफेसरांचं उत्तर चार दिवसांनी आलं. त्या सेमिस्टरचे मार्क आता बदलता येत नाहीत; माझं पत्र ताईच्या फाईलला लावलं जाईल; माझा पास मात्र रद्द. पाया लेबारच्या एका कंपनीत जूनमध्ये रुजू व्हायची माझी ठरलेली नोकरी पदवी लांबल्याने गेली आणि एक जादा सेमिस्टर पदरी पडलं. बाबा आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलत होते. ताई तर आता कधी येणार नव्हतीच; तिचं शेवटचं वर्ष संपत आलं होतं. यातलं काहीच माझ्या माफीने हललं नाही, आणि हे पचवायला मला सगळ्यात जड गेलं. चूक कबूल केली की निदान काहीतरी सुधारतं, असं मी समजत होते.

त्या जादा सेमिस्टरमध्ये मी एकवीस मुलाखती घेतल्या. कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी कॅन्टीनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या टेबलाशी जायचं, वही पुढे करायची. काहींनी हाकलून दिलं. नॉर्वेचा मुलगा सापडायला महिना लागला. त्याला एक तपकिरी रंगाचं गोडसर चीज आठवत होतं, आणि त्याची आई स्वयंपाकच करत नाही. मेक्सिकोची मुलगी सांगता सांगता रडली. लोणच्याचं नाव एकानेही काढलं नाही.

सगळं टाइप करून मी ताईला पाठवलं. त्यांच्या रीतीप्रमाणे शेवटची स्लाइडही केली. तिच्यात तिचं आणि त्या दोघा मुलांचं नाव घातलं, जुनी कामं तशीच लिहिली, आणि माझं नाव गाळलं.

दोन दिवसांनी फाईल परत आली. सोबत मेसेज नव्हता. मी शेवटची स्लाइड उघडली. चौथ्या ओळीत तिने माझं नाव पुन्हा घातलं होतं, आणि पुढे लिहिलं होतं: मुलाखती, तीस.