चिंधीचा ताप

आमचा दादा सोफे दुरुस्त करतो. लोकांनी लोळून लोळून खड्डे पाडलेले सोफे तो उलटे करतो, फाडतो आणि पुन्हा बसण्याजोगे करतो. खोळी मी शिवते. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि त्यात आम्ही दोघं. त्याचं लग्न झालंच नाही, माझं झालं आणि मोडलं. वीस वर्षं एका छपराखाली आहोत. भांडायला दुसरं माणूस शोधावं लागत नाही, एवढी सोय आहे.

दादा मुळातच मोजकं बोलणारा. त्यातून त्याच्या कामाची पद्धत अशी की मूठभर बारीक खिळे तोंडात धरायचे आणि जिभेने एकेक पुढे ढकलत हातोडीच्या चुंबकी टोकावर घ्यायचा. मग दुसरा हात कापड ताणायला मोकळा राहतो. गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी दादा खिळ्यांमागून नुसती मान हलवतो.

अशा माणसाने मांजर पाळावं, हे नवलच. एका जुन्या आरामखुर्चीचा तळ फाडला तेव्हा आतून मुठीएवढं पिल्लू निघालं. "नसती ब्याद. उद्या सोडून येतो," दादा म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही. चिंध्यांच्या ढिगात झोपायची म्हणून तिचं नाव चिंधी पडलं. महिनाभरात ती त्याच्या खांद्यावर बसायला लागली. आणि ज्याने मला वीस वर्षांत कधी जेवलीस का म्हणून विचारलं नाही, तो माणूस सकाळ-संध्याकाळ विचारायला लागला, "चिंधे, जेवलीस का गं? पोट भरलं?" मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? "मी काय घोडं मारलंय?" असं एकदा विचारलंच, तर म्हणाला, "तू मागून घेतेस."

एकदा तर कहरच झाला. सोफ्याला तळाचं कापड ठोकलं, सोफा टेम्पोतून गिऱ्हाइकाकडे गेला, आणि तासाभरात त्या बाईंचा फोन आला. "अहो, तुमचा सोफा ओरडतोय." दादा अनवाणीच धावला. त्याने कापड उचकटून चिंधीला बाहेर काढलं आणि सगळ्यांदेखत तिला चांगलं फैलावर घेतलं. परतताना मात्र वाटभर तिची माफी मागत होता, असं टेम्पोवाल्याने मला हसत हसत सांगितलं. त्यानंतर "चिंधी कुठंय?" असं विचारल्याशिवाय दादाने कुठलाही तळ बंद केला नाही. रोज संध्याकाळी दोरीला लोहचुंबक बांधून तो सगळी फरशी फिरायचा. तिच्या पोटात चुकून खिळा जायला नको म्हणून.

नऊ महिन्यांची होती ती. एका सकाळी तिने दुधाला तोंड लावलं नाही. मग ओकायला लागली, आणि मशीनमागे अंग चोरून बसली. दादाने तिला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आणलं ते कापडात गुंडाळून. मी हात पुढे केला, पण त्याने कापड उघडू दिलं नाही.

"झालं काय तिला?"

"ताप होता. डोक्यात गेला."

मागच्या अंगणात त्याने एकट्याने खड्डा खणला. त्या दिवसापासून हातात काम असो नसो, त्याच्या तोंडात खिळे असायचे. शेजारचा न्हावी म्हणाला, "मांजरच होतं ना, दुसरं आणा." दादाने मान हलवली. मी रडत होते, चिडत होते. दूध ओतायला बशी काढायची आणि पुन्हा ठेवून द्यायची, असं रोज व्हायचं. "दुःख काय तुझ्या एकट्याचंय? मीही तिला कापसाने दूध पाजलंय," असं एकदा ओरडलेसुद्धा. तो ठोकत राहिला. माझ्याकडे बघायचंही टाळायचा. माझं काय चुकलं ते मला कळेना, आणि हा माणूस आता पुन्हा माझ्याशी बोलतोय की नाही, याची खरोखरच धास्ती वाटायला लागली.

पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाई दवाखान्यातली फाटकी खुर्ची घेऊन आल्या. दादा एका गिऱ्हाइकाचं माप घ्यायला गेला होता. त्या मला म्हणाल्या, "तुमच्या भावाने फार धडपड केली हो. ऑपरेशन चाललं तेवढा वेळ दाराबाहेर उभे होते. पण हातभर धागा होता पोटात, सगळं आतडं त्याच्यात गोळा झालेलं. मांजराच्या जिभेवर काटे असतात ना, एकदा धागा तोंडात गेला की थुंकता येत नाही. गिळतच जातात."

"कसला धागा?"

"लाल. जाड, रेशमी."

चिंधी आजारी पडली त्या आठवड्यात मी लाल मखमलीच्या खोळी शिवत होते. तुटलेले धागे मी खालीच टाकते, आणि ते सकाळी झाडून काढते. लोहचुंबकाने खिळे उचलले जातात, धागे नाही. डॉक्टरीणबाई कधी गेल्या तेही मला आठवत नाही.

दादा आला तेव्हा मी म्हटलं, "चिंधीला ताप नव्हता."

तो दारातच थांबला. मापाची टेप गुंडाळत राहिला.

"धागा माझा होता, दादा."

"नाही," तो म्हणाला. "मीच दिला होता तिला खेळायला. तुझ्या मशीनवरचा ओढून. तू आंघोळीला गेली होतीस."

लाल मखमल मशीनवर होती ते चारही दिवस दादा उजाडताच एका सभागृहाच्या खुर्च्या बसवायला जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. दादाला खोटंही धड बोलता येत नाही.

"तू घरात नव्हतास. रागावला होतास ना माझ्यावर?"

त्याने गुंडाळलेली टेप पुन्हा उलगडली. मग म्हणाला, "रागावलो होतो. फार रागावलो होतो. पण एक तर गेलीच. दुसरीला कशाला घालवू?"

मग आम्ही दोघं, पन्नाशी उलटलेले बहीणभाऊ, डॉक्टरीणबाईंच्या त्या फाटक्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसलो आणि एका मांजरीसाठी मोठमोठ्याने रडलो.