दोन बोटं आखूड

चिंतूआजोबा बोलण्याआधी खाकरतात, थांबतात, पुन्हा खाकरतात. समोरच्याचा चहा निवला की मग वाक्य सुरू. केळव्यातल्या आमच्या आळीत हे खाकरणं शेंबड्या पोरालाही हुबेहूब काढता येतं. त्यांच्या खुर्चीची नक्कल मात्र कुणाला जमली नाही.

साठच्या दशकात बोईसरकडे साहेबलोकांची नवी वसाहत उठत होती, तिच्यासाठी त्यांनी ही खुर्ची आखली. सागवानी, हातांशिवाय, निमुळते पाय, बैठकीला वेताची वीण. गंमत पायांत होती. मागचे पाय पुढच्यांपेक्षा दोन बोटं आखूड. वाडीत माडाला टेकून सुपारी सोलणारा माणूस कसा रेलतो, ते बघून काढलेली ही युक्ती. त्यात बसलं की पाठ आपसूक मागे जायची आणि कडक साहेबसुद्धा जेवलेल्या जावयासारखा सैलावायचा. पुढे वसाहतीत प्लॅस्टिक आलं, या खुर्च्या भंगारात गेल्या. आजोबांचं नाव कुठे नव्हतंच. घरात एकही ठेवली नव्हती, आणि आता हात असे थरथरतात की रंधा धरवत नाही. मरायच्या आधी एकदा आपल्या खुर्चीत बसायचं, एवढं एकच त्यांनी धरून ठेवलं होतं.

यंदा थंडीत कळलं, किनाऱ्यावर होमस्टे चालवणाऱ्या ललितने बोईसरच्या भंगारवाल्याकडून तशा चार उचलल्यात. आजोबांनी इस्त्रीचा सदरा चढवला. माई, त्यांची बायको, सोबत गेल्या, म्हणून पुढचं सगळं आम्हाला ललितच्या नाकातल्या आवाजासकट ऐकायला मिळालं.

खुर्च्या ओटीवर रांगेत, पॉलिश मारून चकाचक. आजोबा एकीत बसले. पाठ मागे जाईना. दुसरीत बसले, तेच. ललित कौतुकाने सांगू लागला, की गेस्टलोक तिरक्या म्हणायचे, पोरं चहा सांडायची, म्हणून मिस्त्रीकडून पुढचे पाय कापून सगळ्या लेव्हलमध्ये घेतल्या. आता कशा एकदम ऑफिससारख्या.

आजोबा खाकरले. थांबले. पुन्हा खाकरले.

"कापलेले तुकडे ठेवलेस का रं? जोडता येतील."

ललित हसला. "ते होय? शनिवारी गेस्टसाठी उकडहंडी लावली ना, जाळायचा पाला ओला निघाला. मडक्याभोवती तेच सारले. सागवान ते, काय पेटलं म्हणता."

वर मडक्यात शिजलेल्या कंद-शेंगांची ती उकडहंडीही डबाभर देत होता. माईंनी घेतली नाही.

आळीच्या तोंडाशी आम्ही सगळे ताटकळत होतो. रिक्षातून पाय खाली टेकतो न टेकतो तोच कुणीतरी विचारलं, भेटली का खुर्ची. या वेळी खाकरणं नाही, काही नाही.

"नाय. त्या माज्या नव्हत्या."

आणि पडवीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत जाऊन बसले, ताठ. माई पाठीशी उशी लावायला गेल्या, तर नको म्हणाले.