मावशी आणि जमादार

माझी मावशी रफूचं काम करायची. कोटाला ठिणगीने पडलेलं भोक असो नाहीतर उंदराने कुरतडलेली शाल, त्याच कापडातले दोरे ओढून ती असं विणायची की गिऱ्हाईक कापड उजेडात धरून जागा शोधत बसे. बाकी स्वभावाने भित्री. लिफ्टमध्ये एकटी चढायची नाही, समोरून कुत्रं आलं की पलीकडच्या फुटपाथवर जायची. तिचे यजमान, आमचे काका, म्हणायचे, "हिला पडदा हलला तरी घाम फुटतो."

आणि याच काकांनी घरात जमादार आणला.

जमादार म्हणजे मासा, नाव काकांनीच ठेवलेलं. मूळचा मादागास्करच्या नद्यांमधला. तळहाताहून मोठा, कोळशासारखा काळा आणि त्यावर बारीक सोनेरी ठिपके. तिकडची जंगलं तुटली, नद्या गढूळ झाल्या, आता हे मासे फार थोडे उरलेत, असं काका सांगायचे. पिल्लं व्हावीत म्हणून त्यांनी मादीही आणली. ती एक दुपारसुद्धा टिकली नाही. मावशी बाजारातून आली तेव्हा मादी काचेच्या टाकीत पाण्यावर उलटी पडली होती, शेपटी जागेवर नव्हती, आणि जमादार तिच्याखालून निवांत येरझाऱ्या घालत होता. त्या दिवसापासून मावशी टाकीकडे पाठ करून बसेना.

काकांनी हट्टाने दुसरी मादी आणली. या खेपेला टाकीच्या मधोमध प्लॅस्टिकची जाळी बसवली. एकीकडे जमादार, दुसरीकडे ती. जमादार दिवसभर जाळीला धडका द्यायचा.

पुढे काका लॉन्ड्रीत कामावर असताना ओल्या फरशीवर घसरले. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात पलंगावर पडल्या पडल्या त्यांना काळजी कशाची, तर माशांची.

"अगं, खायला रोज घाल. आणि पाण्यात हात घालायच्या आधी सगळी बटणं बंद कर. पाणी कोमट ठेवणारा आतला हीटर काचेचा आहे, फुटला तर शॉक बसेल."

"मी कशाला पाण्यात हात घालतेय?" मावशी म्हणाली.

ती लांब दांड्याच्या चमच्याने दाणे टाकायची. तिची चाहूल लागली की जमादार काचेपाशी यायचा, गाल फुगवायचा आणि ती जिकडे सरकेल तिकडे सरकायचा. एकदा त्याने चमच्यावरच झेप घेतली. पाणी तिच्या तोंडावर उडालं आणि चमचा आत पडला. तो चमचा तिने काढलाच नाही, स्वयंपाकघरातून दुसरा आणला. मला फोनवर म्हणाली, "मासा आहे हे कळतं गं मला. पण तो बघतो ना, माणसासारखा बघतो."

मग ती संध्याकाळ आली. मावशी खिडकीशी बसून एका कोटाची बाही रफू करत होती. टाकीतून काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला, पाठोपाठ धडाधड पाणी उसळलं. तिने पाहिलं तर जाळी एका बाजूने सुटून वाकली होती आणि जमादार पलीकडे गेला होता. मादी फिल्टरच्या नळीमागे कोपऱ्यात घुसली होती. तिच्या परांच्या चिंध्या झाल्या होत्या. तो मागे जायचा, वळायचा, पुन्हा तिच्यावर तुटून पडायचा.

मावशी शेजारी धावली. शेजारच्या घराला कुलूप होतं. काकांना फोन लावला, तो त्यांनी उचलला नाही. खोलीतून निघून जावं, दार ओढून घ्यावं, असं तिला फार वाटलं. दारापर्यंत ती गेलीही होती. पण पुन्हा धडक ऐकू आली आणि ती वळली. बाही वर करून हात पाण्यावर नेला, तेव्हा कुठे काकांचं बोलणं आठवलं. तिने एकेक बटण बंद केलं, प्लग ओढून काढला, आणि मग वाकून आत पाहिलं. हीटरची काच फुटली होती. आतली तार पाण्यात उघडी पडली होती.

प्लग निघालाय ना, ते तिने पुन्हा एकदा पाहिलं. मग तिने हातरुमाल मनगटाला गुंडाळला, एका हातात प्लॅस्टिकचा जग घेतला आणि दोन्ही हात पाण्यात घातले. मादीला जगमध्ये लोटायला बोटं पुढे केली आणि जमादार आला. तर्जनीच्या टोकाचं कातडं त्याने ओरबाडून नेलं. सुई धरायचं बोट. पाण्यात लाल धूर पसरल्यासारखं झालं. दात आवळून मावशीने जग उचलला, तेव्हा मादी त्यात होती, आडवी पडलेली, पण तोंडाची उघडझाप चालू होती.

मादी बादलीत ठेवून, बोटाला पट्टी बांधून ती रिक्षाने दवाखान्यात गेली. काकांनी पट्टी पाहिली, मग हीटरचं ऐकलं.

"तुला काही झालं असतं तर," ते म्हणाले. "जमादारला देऊन टाकू. माशांच्या दुकानदाराला मी सांगतो."

"आणि ती?"

"ती वाचली तर ठेवू. तू म्हणशील तसं."

दुकानदार झाकणाची बादली घेऊन आला. त्याच्या ओळखीत कुणाकडे खोलीएवढी टाकी होती, जमादार तिकडे जाणार होता. जाळ्यात धरला तेव्हा त्याने असा काही झटका दिला की दुकानदारही दोन पावलं मागे सरला. जिन्यावरून बादली खाली जाताना आतून झाकणावर ठोके ऐकू येत होते. मावशी दाराला कान लावून उभी राहिली. आवाज थांबल्यावरही तिने कडी काढली नाही.

टाकीत नवा हीटर आला, मादी पुन्हा मोठ्या पाण्यात गेली. आधी ती नळीमागून हलेना. मावशी दाणे टाकायची आणि चार हात लांब उभी राहून बघायची. दाणे तळाशी कुजायचे. काका कुबड्या घेऊन घरी आले, त्यानंतर एका सकाळी मादी हळूच बाहेर आली, एक दाणा तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला आणि गिळला.

"अहो, खातेय ती," मावशी आत हाक मारत म्हणाली. "आणि आता नर आणायचा नाही. आणलात तर त्याला तुम्हीच खाऊ घाला, मी असेन माहेरी."