लेसरच्या काचेवरचं कुंकू

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचं ते एक काही केल्या डोक्यातून जात नाही. रायगड किनाऱ्यावरच्या आमच्या हद्दीत, एका रसायन कारखान्यात विषारी वायू गळून एक कामगार गेला. आकस्मिक मृत्यूची नोंद आणि पंचनामा उरकतो तोच ठाण्यात निनावी फोन आला, "साहेब, धोक्याचा भोंगा ऑपरेटरनेच बंद केला होता."

ऑपरेटर म्हसळ्याकडचा, मयताचा जिवलग मित्र. जबाबाला बसवला तर पहिल्याच प्रश्नाला म्हणाला, "व्हय साहेब, मीच केला. लिवा." मला संशय आला. अहो, चोरसुद्धा आधी आपले दोन चहा पितो, मग तोंड उघडतो.

यंत्र समजून घ्यायला पुन्हा कारखाना गाठला. एका डबीच्या काचेतून लेसरचा किरण निघतो, समोरची डबी तो पकडते. मधल्या हवेत वायूचा अंश जरी आला, तरी तो थोडा प्रकाश शोषतो आणि भोंगा वाजतो. संगणकाच्या नोंदीत दिसलं, की दसऱ्याला पूजेच्या वेळी प्रकाश एकदम घटला, काच झाकल्याची तक्रार करत भोंगा वाजला आणि पाच मिनिटांत कोणीतरी तो बंद केला, तो गळतीपर्यंत बंदच होता. भोंगा बंद करायचा पासवर्ड फक्त सुपरवायझरकडे होता. काचेवर हळदीकुंकवाची बोटं होती. पंचनाम्यात मी ती पाहूनही पाहिली नव्हती. दसऱ्याला यंत्रावर कुंकू असायचंच!

पासवर्ड नसताना ऑपरेटरने कबुली दिली, म्हणजे तो मित्राला झाकत असणार. त्याला विचारलं, "कुंकू मयतानेच लावलं ना?" तो रडायलाच लागला. "व्हय साहेब. पन तो सोताच्या हातानं मेला, असं वैनीला कोन सांगनार? मला न्हाय जमनार." मला त्याचा रागही आला आणि कीवही.

सुपरवायझर तासाभरात बोलला. "पाहुणे आले होते, भोंगा सारखा कोकलत होता. नंतर काच पुसू म्हटलं, राहून गेलं." निनावी फोनही त्याचाच निघाला. गुन्हा त्याच्यावर दाखल केला, ऑपरेटर सुटला.

दोषारोपपत्रात कुंकू येणारच होतं, म्हणून मयताच्या बायकोला घरी जाऊन आधीच सांगितलं. ती म्हणाली, "करंडा मीच दिलता साहेब. एक पन मशीन सोडू नका म्हटलं."

"बाई, यंत्र ओरडत होतं. त्याचं तोंड ज्यानं दाबलं तो दोषी," एवढंच मला सुचलं.

तेव्हापासून कबुली मिळाली की मी आधी तीच तपासायचो. या प्रकरणात दोष अंगावर घेणारी दोन माणसं भेटली, दोघंही निर्दोष. दोषी होता त्याने मात्र दुसऱ्याचं नाव सांगायला फोन केला होता.