इथे सही कर

चाळीस वर्षं मी "इथे सही कर" एवढं ऐकून सह्या केल्या. इमिग्रेशन, घर, गाडी, मुलाची शाळा. हे कागदावर बोट ठेवायचे, मी कणकेचे हात पुसून सही ठोकायची. वाचायचं कशाला? वाचायचं खातं यांचं.

त्या हिवाळ्यात आमच्या लंडनमध्ये, ओंटारिओतल्या, बर्फ पडतच राहिला होता. दिवस कधी उगवला, कधी मावळला, कळायचं नाही. खिडकीशी बसलं की वाटायचं, घर अलगद कुठेतरी तरंगत चाललंय, आत आम्ही दोघंच, आणि कुणाला पत्ता नाही. यांना रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा बर्नाबीला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. एका दुपारी हे बंद गराजमध्ये गाडीत बसलेले सापडले, स्टिअरिंगवर कपाळ टेकून. "जेवायला चला," म्हटलं. उठून आले. मी काही विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

मग कॉफीच्या दुकानात यांना चार जण भेटले. शनिवारी गावाबाहेरच्या एका शेतावर जमायचे, बंदुकांनी नेम धरायचा सराव करायचे. म्हणे, सरकार आधी बंदुकांची नोंद करतं, मग त्याच यादीवरून घरोघर त्या उचलायला येतं. तेव्हा आपण तयार हवं. हे त्यांना 'आमची मंडळी' म्हणायला लागले.

"वर्गणी काय हो तुमच्या मंडळाची? बंदूक?" मी टोमणा मारला.

हे हसले! कितीतरी महिन्यांनी. मला मेलं तेवढंही बरं वाटलं. "इथलं सरकार शब्दाला जागतं," म्हणून ज्या माणसानं मला एवढ्या लांब आणलं, तो आता सरकारच्या नावानं बोटं मोडत होता. मोडू दे म्हटलं, निदान बोलतोय तरी.

एका सकाळी टेबलावर फॉर्म आला, बंदुकीच्या लायसन्सचा. सरकारवर काडीचा विश्वास नाही, पण सरकारी फॉर्म मात्र कसा मोत्यासारख्या अक्षरात भरलेला! जोडीदाराच्या सहीची जागा तेवढी रिकामी होती.

"इथे सही कर."

खिडकीतून दुधासारखा उजेड येत होता. का कोण जाणे, मी चष्मा लावला आणि बोट फिरवत एकेक ओळ वाचायला लागले. मधेच एक प्रश्न होता. गेल्या पाच वर्षांत नैराश्य आलं होतं का, जीव द्यावासा वाटला होता का? यांनी 'नाही'वर खूण केली होती.

गराजमधली ती दुपार डोळ्यांसमोर आली. बंद दाराआड गाडी चालू राहिली तर धुरानंच माणूस जातो. आणि आता या घरात बंदूक येणार!

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"अगं, सरकारला सगळं सांगायचं असतं का? त्यांना काय करायचंय?"

"सरकारला नका सांगू. चुलीत गेलं तुमचं सरकार. मला सांगा."

हे खुर्चीत बसले. बाहेर बर्फ आवाज न करता पडत होता, आणि घर पुन्हा तरंगायला लागल्यासारखं वाटलं. खाली बघत हे म्हणाले, "त्या दिवशी किल्ली लावली होती गं मी. फिरवली नाही."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "तुम्हाला हाक मारायच्या आधी मी बॉनेटला हात लावून बघितला होता. गार होतं."